डाव्या गालाची दाढी

मला दाढी आली तेव्हा ती सगळ्यांच्या आधी मलाच दिसली. दिसणारच, दुसऱ्यांच्या दाढ्या बघण्यात माझा जन्म गेला आहे. एखादा माणूस दारातून आत आला की त्याने शेवटची दाढी घाईत केली की आरामात, उजेडात केली की अंधारात, हे मी त्याच्या गालावरून सांगते. तेव्हा स्वतःच्या कानाखाली उगवलेला काळा केस मला कळला नसता तर धंदा बंद करून भाजी विकायला बसायला हवं होतं.

आमचं दाढी-कटिंगचं दुकान आहे. तीन खुर्च्या, तीन आरसे, मागच्या बाजूला टॉवेलांसाठी गरम पाण्याचं भांडं आणि वर राहायच्या खोल्या. खिडकीजवळची पहिली खुर्ची बाबांची, मधली माझी, भिंतीकडची दादाची. पहिल्या खुर्चीमागे जो उभा राहतो त्याचा शब्द दुकानात चालतो. काय आणायचं, काय टाकायचं, कुणाला शिकवायचं, कुणाला हाकलायचं, सगळं तोच ठरवतो. आई लवकर गेली आणि मला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून बाबांनी मला दुकानात आणून बसवलं आणि बसल्याबसल्या मी वस्तरा शिकले. दादा माझ्याहून मोठा, पण हाताने जड. त्याच्या खुर्चीतून उठलेला माणूस आधी गाल चाचपतो, आहे ना जागेवर म्हणून.

बाबांचे हात आता थरथरू लागले होते. एक दिवस जेवताना त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून पहिली खुर्ची हिची." बोट माझ्याकडे होतं. दादाचा घास तोंडातच राहिला. वहिनीने त्याला पाणी दिलं. मी मान खाली घालून जेवत राहिले, पण खरं सांगते, त्या रात्री मला काय गिळलं ते आठवत नाही. लहानपणापासून मला दुसरं काही नकोच होतं. लग्नाचे दोन-तीन प्रस्ताव मी या खुर्चीपायी परत पाठवले होते, आणि त्याचं मला एका दिवसाचंही वाईट वाटलं नव्हतं.

आणि नेमकं त्याच सुमाराला हे उगवलं.

आधी एक केस, मग चार, मग कानाच्या पाळीपासून हनुवटीच्या कडेपर्यंत एक पट्टाच. मऊ, पण काळाकुट्ट आणि लांब. वहिनी दोऱ्याने काढून द्यायची. दोन दिवस गाल लालबुंद असायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. शेवटी गालावर पुटकुळ्या उठल्या तेव्हा मी चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाई माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी दिवा गालाजवळ धरला आणि प्रश्नांचा सपाटा लावला. आईला, मावशीला असे केस होते का? पाळी वेळेवर येते का? वजन वाढलं का? आवाज जाड झालाय का? डोक्यावरचे केस पातळ होतायत का? कसली औषधं चालू आहेत का?

"एवढं सगळं एका दाढीसाठी?" मी म्हटलं.

"दाढीला कारण एकच का असतं?" त्या म्हणाल्या. "कुणाच्या घराण्यातच असतं, त्यात काही आजार नसतो. कुणाच्या बीजकोशात पाण्याच्या बारीक गाठी होतात आणि पुरुषी संप्रेरक वाढतं. ते प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच, वाढलं की तक्रार. कुणाची पाळी जायच्या वयात उगवतात. कधी मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं दुखणं असतं, कधी एखादं औषध नडतं. आणि क्वचित कधी गाठ निघते. केस भराभर वाढले आणि आवाजही बदलला तर मी एक दिवस थांबत नाही."

गाठ म्हटल्यावर मी आवाज करून पाहिला. माझा आवाज मुळातच फाटका, त्यामुळे काही कळेना. बाई हसल्या आणि म्हणाल्या की तुमचा आवाज पहिल्यापासून असाच असावा, गिऱ्हाइकांना दम देऊन देऊन झालेला. मग त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, पोटाची सोनोग्राफी करायला लावली आणि बजावलं की आता दोरा लावायचा नाही. "मला बघू द्या ते कुठे कुठे येतात. तोडून टाकलंत तर मी बघू काय?"

म्हणजे मी दाढी वाढवायची! तीही दुकानात उभं राहून, दिवसभर समोर आरसा असताना. मी केस मोकळे सोडून गाल झाकायचे, पण वाकून काम करणाऱ्या माणसाचे केस गालावर राहतात थोडेच. आठवड्याभरात सगळ्यांना दिसलं. गिऱ्हाइकं आरशातून चोरून बघायची, तोंडावर विचारायची मात्र नाहीत. फक्त एका पोरगेल्या ड्रायव्हरने खुर्चीत बसता बसता मला विचारलं, "ताई, तुमची कोण करतं?" त्या दिवशी त्याची दाढी मी इतकी सफाईने केली की त्याला घाम फुटला. वस्तरा गळ्यावर असताना मी नुसतं म्हटलं, "काय विचारत होतास?" तो म्हणाला, काही नाही.

दादाला मात्र आयतं हत्यार मिळालं. तो गिऱ्हाइकांसमोर बोलायचा नाही, तो वर जेवणाच्या वेळी बोलायचा, बाबांना ऐकू जाईल असं. "दिवसभर पुरुषांची तोंडं हाताळून बाई राहील का ती? अंगाला लागतंच काम. मी आधीपासून म्हणत होतो."

"दूध काढणाऱ्याला शिंगं फुटतात का रे?" मी म्हटलं.

वहिनी खुदकन हसली आणि दादाने तिच्याकडे बघितल्यावर भाजी वाढायला उठली. पण बाबा हसले नाहीत. ते माझ्या गालाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की माझी सगळी हुशारी तिथेच थिजली.

तपासण्यांचे निकाल आले. रक्त चोख, पोट चोख, कुठे गाठ नाही, गोळा नाही. जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा ते मला त्या दिवशी कळलं. बाई मात्र खूश नव्हत्या. त्यांनी पुन्हा दिवा धरला, माझं डोकं इकडून तिकडे फिरवलं.

"तुमच्या उजव्या गालावर काहीच नाही," त्या म्हणाल्या. "ओठावर नाही. छातीवर, पोटावर नाही. फक्त डावा गाल. आतलं काही बिघडलं तर ते डावं-उजवं बघत नाही हो. दोन्हीकडे सारखं उगवतं. हे बाहेरून येतंय. तुमच्या डाव्या गालाला असं काय लागतं, जे उजव्याला लागत नाही?"

मी पुष्कळ आठवलं. झोपते मी उजव्या कुशीवर. फोन उजव्या कानाला. तोंडाला लावते ती एकच साधी क्रीम, दोन्हीकडे. काही सुचेना. बाई म्हणाल्या, घाई नको, लक्ष ठेवा, सापडेल.

हे मी घरी सांगितलं. मला वाटलं, बाबांना हायसं वाटेल. ते खिडकीपाशी बसले होते. त्यांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाले, "डॉक्टरांना कारण मिळालं नाही, म्हणजे ते माझ्यापाशीच आहे. मी तुझ्या हातात वस्तरा दिला. आई असती तर तिने देऊ दिला नसता. पोरी, माझंच चुकलं."

"बाबा, काहीतरीच काय!"

"रविवारचं काम कर. सोमवारपासून पहिली खुर्ची दादाची. तू वर राहा. चेहरा बरा होऊ दे."

मी भांडले. चांगली कडाकडा भांडले. सांगितलं की दादाच्या हाती दुकान गेलं तर सहा महिन्यांत गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातील. सांगितलं की मी वर बसून काय तांदूळ निवडू? पण ते रागावलेले असते तर मी त्यांना गुंडाळून ठेवलं असतं. ते घाबरलेले होते. आपण आपल्या मुलीचं वाटोळं केलं असं ज्याला वाटतंय, त्याच्याशी कसं भांडायचं? मी खाली गेले आणि तिन्ही वस्तरे उगाचच परजत बसले. रडले नाही. फार राग आला की मला रडू येत नाही.

रविवारी दुकान भरलेलं होतं. बाकावर माणसं, दारात माणसं, बाबा पहिल्या खुर्चीमागच्या स्टुलावर. माझ्या खुर्चीत पोस्टमास्तर होते. ते नोकरीतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण नाव राहिलं. त्यांचं डोकं म्हणजे घासलेलं भांडं. गेल्या वर्षी दादाने टकलांसाठी केस उगवायचं लोशन आणलं होतं, तेव्हापासून ते न चुकता यायचे. लोशन यायचं मोठ्या डब्यातून. दादा ते आमच्या निळ्या काचेच्या बाटल्यांत भरायचा, ऐटीत दिसावं म्हणून. चोळायचं काम माझं, कारण दादाने चोळलं की माणसाची मान दुखायची. फक्त माझ्या सुट्टीच्या दिवशी तो चोळायचा.

मी पोस्टमास्तरांच्या डोक्यावर लोशन ओतलं, चांगलं जिरवलं, हात ॲप्रनला पुसले आणि दाढीसाठी भांड्यातला गरम टॉवेल उचलून पिळला. आमच्या दुकानाचा एक नियम आहे, बाबांचा. टॉवेल गिऱ्हाइकाच्या तोंडावर ठेवायच्या आधी स्वतःच्या गालाला लावायचा. आपला गाल पोळला तर त्याचा पोळेल. मी हे इतकी वर्षं करत आले आहे की आता हात आपोआप जातो. उजव्या हातात ब्रश, म्हणून टॉवेल डाव्या हातात.

आणि डाव्या हातातला टॉवेल डाव्या गालाला.

मी तशीच उभी राहिले. टॉवेलला लोशनचा वास येत होता. माझ्या बोटांना येत होता. वाफेने गाल मऊ झाला होता आणि त्याच्यावर मी दाबून धरलं होतं केस उगवायचं औषध. रोज. दर टकलामागे.

"ताई," पोस्टमास्तर म्हणाले, "तो टॉवेल मला आहे ना?"

मी टॉवेल भांड्यात टाकला आणि दादाच्या खुर्चीकडे गेले. बाबांचा नियम दादाने कधी पाळला नाही. गालाला चटका बसतो म्हणे नाजूकरावांना. तो टॉवेल मनगटाला लावून बघतो, आतल्या बाजूला, बाळाचं दूध बघतात तसा. माझा अंदाज खरा असेल, तर त्याच्या मनगटावरही पुरावा असलाच पाहिजे.

"दादा, डावा हात दाखव."

"काय झालं?"

"बाही वर कर."

"अगं, गिऱ्हाईक आहे समोर!"

"गिऱ्हाइकांसमोरच कर."

त्याने केली नाही, म्हणून मी केली. बटण तुटून कुठे गेलं कुणास ठाऊक. दादाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे गोरीपान कातडी असते आणि हिरव्या शिरा दिसतात, तिथे काळ्या केसांचा एक मस्त झुपका होता. अगदी ओंजळभर म्हणत नाही, पण विंचरता आला असता.

"हे काय?" मी विचारलं.

"केस आहेत," दादा म्हणाला. "पुरुषाला असतात."

"मनगटाच्या आत?" मी त्याचा हात धरून बाकावरच्या माणसांना दाखवला. "आहेत कुणाला? बघा आपापली मनगटं."

माझी शप्पथ, सगळ्यांनी बाह्या वर केल्या. दारातल्यांनीसुद्धा. कुणाच्याही मनगटाच्या आत काही नव्हतं. ड्रायव्हर पोराने तर दोन्ही हात पुढे केले, शाळेत नखं तपासतात तसे.

"कधी आले?" मी विचारलं.

"आले असतील गेल्या काही महिन्यांत. मी कशाला बघतोय?"

हेच ते! माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "तुझ्या अंगावर नको तिथे केस आले तर तू बघायचंसुद्धा नाही, आणि माझ्या आले तर खुर्ची सोडायची! मी पुरुषांचं काम करते म्हणून मला दाढी आली ना? मग तुला हे कोणाचं काम केलं म्हणून आलं? सांग की!"

मी बाटली उचलून सगळ्यांसमोर धरली. टॉवेलाचं सांगितलं, गालाचं सांगितलं, मनगटाचं सांगितलं.

दादा असा सहजी हार मानणारा नव्हे. "मग तुझ्या तळव्यांवर का नाही आले? लोशन तर तिथे जास्त लागतं!"

मी तळहात त्याच्या नाकासमोर धरला. "तळहातावर कुणाला केस आलेत आजवर? तिथे मुळंच नसतात, उगवणार कुठून?"

बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली. मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. रविवार असूनही त्यांनी उचलला. मी सांगत गेले तशा त्या "हं, हं" करत गेल्या, आणि टॉवेलापाशी आल्यावर एकदम म्हणाल्या, "अहो, सापडलं की!" त्यांनी दादाकडून डब्यावरचं औषधाचं नाव वाचून घेतलं. बाईंचा अंदाज होता तेच निघालं. "ते डोक्याला लावतात, पण लागेल तिथे केस आणतं. चोळणाऱ्याने हातमोजे घालायचे, नंतर साबणाने हात धुवायचे. लागणं थांबलं की काही महिन्यांत हे केस गळून जातील. तुमच्या अंगात काहीही दोष नाही. आणि तोवर खुशाल दाढी करा, वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं, "ते मी रोज चाळीस जणांना सांगते."

फोन ठेवला तर बाबा उठून माझ्याजवळ आलेले. डोळे भरलेले. त्यांनी माझ्या डाव्या गालाला हात लावला, त्या केसांनाच.

"म्हणजे टॉवेल गालाला लावायला मीच शिकवलं, त्याने झालं."

"शिकवण बरोबर होती, बाबा. मधे हात धुवायचे राहिले."

"आणि वस्तरा? तुझ्या हातात वस्तरा दिला, त्यात नाही ना काही चुकलं?"

त्यांना फक्त एवढंच हवं होतं. मला तेव्हा भर दुकानात रडू आलं, ते थांबवायचा मी प्रयत्नही केला नाही. "त्यात काही चुकलं नाही, बाबा. तुम्ही आयुष्यात केलेली सगळ्यात चांगली गोष्ट आहे ती."

तेवढ्यात पोस्टमास्तर, डोकं लोशनने चमचमत असलेले, खुर्चीतून वळून म्हणाले, "म्हणजे हे औषध खरंच चालतं तर! माझ्यावरच का रुसलंय?" दुकान हसून हसून लोळलं. बाकावरचे दोघे टक्कलवाले लगेच पुढे सरकले आणि म्हणाले, आम्हाला दुप्पट लावा. दादाच्या चेहऱ्यावर एकदम रंग आला, धंदा दिसला की त्याला येतो तसा. त्याने बाटली घ्यायला हात पुढे केला.

"ठेव खाली," मी म्हटलं. "हातमोजे येईपर्यंत आज कुणाला लोशन नाही."

"हे तू ठरवणार?" दादा म्हणाला. "बाबांनी काल सांगितलंय..."

"पहिल्या खुर्चीवाली सांगतेय," बाबा म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही, पण तो दारापर्यंत गेला. "बाटली खाली ठेव."

दादाने ती खाली ठेवली. मग जरा वेळाने, जमिनीकडे बघत, "हातमोजे मी आणतो," असंही म्हणाला. माझा भाऊ वाईट नाही, फक्त त्याला सगळं उशिरा उगवतं.

मी पोस्टमास्तरांची माफी मागितली आणि म्हटलं, पाच मिनिटं थांबा. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मग खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. तिच्यात मी कधी बसले नव्हते, तिच्यात गिऱ्हाइकं बसतात. केस मागे घट्ट बांधले, म्हणजे रस्त्यावरूनही गाल दिसेल. फेस केला, डाव्या गालाला लावला आणि वस्तरा उघडला. बाहेरून जाणारे दोघे काचेपाशी थांबले, त्यांनाही मी बघू दिलं. गाल ताणला, कानापासून हनुवटीपर्यंत तीन सरळ हात मारले आणि पुसून घेतलं. गाल गुळगुळीत होता, कुठे ओरखडा नाही. इतकी सुरेख दाढी मी त्या दिवसापर्यंत कुणाची केली नव्हती.

मी उठले, कापड झटकलं आणि वळून विचारलं, "हं, या खुर्चीत कोण बसतंय?"

तिघं एकदम उठले, आणि पोस्टमास्तर ओरडले की माझा नंबर आधी आहे.